फोकून

वाफसा नाही.
ऑक्टोबरात नव्हता, नोव्हेंबर सरत आला तरी नाही.
होल्डरनेसच्या चिकणमातीवर समुद्राकडून आलेला पाऊस
ठाण मांडून बसलाय,
उठायचं नाव घेत नाही.

मी या शेतावर हिशेबाला येते,
महिन्यातून दोनदा, बेव्हर्लीहून.
बिलं, व्हॅट, डिझेल, मेंढ्यांच्या लशी.
माझ्या वडिलांचं सांगलीला सायकलींचं दुकान;
शेतीतलं मला येतं ते शब्दांपुरतं.
तरी क्लिफर्ड ब्लेंकिनला मी वाफसा समजावला होता:
माती ना ओली ना कोरडी,
दाबली तर गोळा होतो, टाकला तर फुटतो,
तो दिवस.

त्याने टाचेने ढेकूळ उकरलं,
लाडवाएवढा गोळा वळला
आणि शेडच्या दारावर मारला.
गोळा चिकटला.
"नो वॉप्सा," तो म्हणाला.
(अजून तिथेच आहे तो, वाळून, बोटांच्या ठशांसकट.)

दाराआड पेरणीयंत्र उभं:
सहा मीटर रुंद, अठ्ठेचाळीस नळ्या,
आपल्या पाभरीची श्रीमंत चुलत बहीण.
तिचे हप्ते मी भरते म्हणून मला वजनही पाठ आहे.
या रानात तिला नेणं म्हणजे
म्हैस गादीवरून चालवणं.

शेवटी हेस्टरने, त्याच्या लेकीने,
खत उडवायचं यंत्र हलक्या ट्रॅक्टरला जोडलं
आणि त्यात गहू ओतला.
चकत्या फिरल्या. दोन्ही अंगांना बारा-बारा मीटर
दाणे गारांसारखे तडतडत गेले,
पडतील तिथे पडले.
म्हातारा पाठ करून उभा राहिला.
सरळ ओळीसाठी त्याला तीन गावांनी बक्षिसं दिलेली,
घड्याळाशेजारी कप आहेत, मी पुसलेत.

हेक्टरी एकशे ऐंशीच्या जागी दोनशे साठ किलो.
वरचे ऐंशी कुणाच्या नावावर घालू?
कबुतरं, गोगलगाई, कुजवा,
आणि ते काळे रूक, जे आत्ताच कुंपणावर
पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसलेत.
"नुकसान," हेस्टर म्हणाली.
"वर्गणी," क्लिफर्ड म्हणाला.
मी रकाना कोरा ठेवला.

ओढ्याकडचा कोपरा राहिला.
तिथे ट्रॅक्टर गेला असता, परत आला नसता.
क्लिफर्डने दोन बादल्या आणल्या, एक माझ्या हातात दिली.
तो म्हणाला, मूठ उघडायची नाही, सैल सोडायची,
डाव्या पावलाला भरायची, उजव्याला फेकायची.
माझ्या पहिल्या मुठी कोंबड्यांना टाकल्यासारख्या
पायाशीच पडल्या.
मग हाताला कळलं, मला नंतर.

मी मागे पाहत नव्हते. आवाज येत होता:
बूट चिखलातून सुटल्याचा,
दाणे पडल्याचा,
मग काहीच नाही.
वळले की तो आभाळाकडे बघत असायचा,
जणू आभाळात काही नवीन होतं.
दर वीस पावलांनी.
पुढे मी वळायचं सोडलं, फक्त हळू चालले.

झाकायला कुळव जाईना.
पावसाने दाबलं तेवढं दाबलं.

फेब्रुवारीत उगवलं.
ओळ नाही, पाटी नाही, नुसतं हिरवं,
मुलाने खडू आडवा धरून घासावा तसं.
फाटकाजवळ, माझी बादली कलंडली तिथे,
दाट झुपका.
आणि कोपऱ्यात, त्याच्या पट्ट्यात,
सारख्या अंतरावर टकलं,
ताटाएवढी, सात.

मी मोजली. त्यानेही मोजली असणार.
हेस्टर कुंपणापाशी आली, बराच वेळ बघत राहिली.
"इथे काय झालं?"

क्लिफर्डने माझ्याकडे पाहिलं नाही.
"कबुतरं," तो म्हणाला.
"कबुतरं," मीही म्हटलं,

आणि संध्याकाळी वही उघडून
त्या कोऱ्या रकान्यात
तेच लिहिलं.